साहेब येणार म्हणून

कडूबाच्या हातून पाण्याचा ग्लास टेबलावर कलंडला आणि आम्ही सगळे एकदम उठलो. ग्लास स्टीलचा, फुटायचा प्रश्न नव्हता. नुसतं पाणी. तरी आमच्या शिक्षण कार्यालयाच्या तातेराव साहेबांनी दोन्ही मोबाइल उचलून छातीशी धरले, शेजारच्या क्लार्कनं फायली उचलल्या, मी पर्स उचलली, आणि ज्यानं पुसायचं तो कडूबा हात तसाच पुढे ठेवून साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिला. शिपाई म्हणून अख्खी उमर घालवलेला माणूस. पाणी आपल्या मनानं टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, थांबलं आणि खाली ठिपकायला लागलं. साहेब रागावणार की हसण्यावारी नेणार, हे कळेपर्यंत कडूबाचे पाय हलेनात. "अरे बघतो काय, पूस की," साहेब म्हणाले तेव्हा कुठे तो पळाला आणि मागच्या कुठल्याशा मोहिमेचं कापडी बॅनर घेऊन आला. बॅनरवर हसऱ्या मुलीचं चित्र होतं. त्याचा बोळा करून त्यानं टेबल पुसलं आणि सगळे पुन्हा बसले. मला बसवेना. ते कडूबामुळं नव्हतं, हेही मला लगेच कळलं. पाणी सांडल्यावर कुणाच्याही तोंडाकडे न बघणारं एक माणूस मी पाहिलं होतं. ते माणूस पहिलीतलं होतं, अंजू नावाचं, आणि त्याच्या शाळेचं काय करायचं ते मला संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचं होतं.

"मॅडम, वरच्या वस्तीचा अभिप्राय आजच्या आज," साहेब मोबाइल पुन्हा टेबलावर मांडत म्हणाले. "द्यायची तर मुदतवाढ द्या, नाही तर बंद म्हणा. मधलं काही लिहू नका, मधलं वर चालत नाही." वरची वस्ती म्हणजे वाटूरच्या पुढे डांबरी सोडून आत वळलं की लागणारी वाडी. शाळा सरकारी. पाच वर्षांपूर्वी पुण्याकडच्या एका संस्थेनं तिथं माँटेसरी पद्धतीनं शिकवायची परवानगी घेतली. साहित्य त्यांचं, बाई त्यांनी तयार केलेल्या, इमारत आणि मुलं आपली. परवानगी पाच वर्षांची होती, ती संपत आलेली. वाढवली तर शाळा राहते. नाही वाढवली तर संस्था साहित्य घेऊन जाते, पट कमी म्हणून शाळेला कुलूप लागतं आणि मुलं वाटूरला जातात. जातात म्हणजे जीपनं, मोठा रस्ता ओलांडून. थोरली जातील, धाकटी घरी बसतील, आणि धाकट्यांतल्या मुली तर बसतीलच. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, वस्तीला तर माहीत होतंच. सही मात्र माझी, कारण मी विस्तार अधिकारी. पदात विस्तार हा शब्द कुणी घातला कोण जाणे. नोकरीत शिरल्यापासून मी नुसती आकसत चालले आहे.

त्या शाळेत मी पहिल्यांदा गेले ती चुकून. गाडी तापली म्हणून ड्रायव्हर पाणी शोधायला गेला आणि मी उन्हातून समोर दिसणाऱ्या कौलाकडे निघाले. सरकारी शाळेच्या दारात मी उभी राहिले आणि मुलं ताडकन उठून 'एक साथ नमस्ते' ओरडली नाहीत, असं माझ्या नोकरीत त्याआधी झालं नव्हतं. कुणी वळूनही बघितलं नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. एक बाई भिंतीशी बुटक्या स्टुलावर काहीच न करता बसल्या होत्या. दैवशाला. त्यांनी मला बघितलं, हात जोडले आणि बोटानं एक चटई दाखवली. बसा म्हणून. मी मनात म्हटलं, ही बाई फुकटचा पगार खाते. पण ऊन फार होतं, म्हणून बसले. एक मुलगा मूग आणि मटकी वेगवेगळी करत होता. दुसरा खरखरीत कागदाच्या 'क'वरून बोट फिरवत होता, पुन्हा पुन्हा, जणू ते अक्षर त्याच्या मालकीचं होतं. आणि अंजू दोन तांब्यांशी बसली होती. ह्यातून त्यात, त्यातून ह्यात पाणी ओतायचं, एवढंच काम. ओठ घट्ट मिटलेले, जिभेचं टोक बाहेर. ओतताना हात हलला आणि पाणी चटईवर सांडलं. मी वाट बघायला लागले. आता ही बाईंकडे बघणार. बघणार आणि मग बाईंच्या तोंडावर जे असेल त्याप्रमाणे रडणार किंवा हसणार. तिनं बघितलंच नाही. तिनं पाण्याकडे बघितलं. तांब्या खाली ठेवला, उठली, कोपऱ्यातनं फडकं आणलं, पुसलं, बाहेर जाऊन पिळलं, परत येऊन पुसलं. मग डोकं तिरकं करून उजेडात ती जागा तपासली. तिची तिलाच पसंत पडली. आणि पुन्हा ओतायला बसली. सबंध वेळात दैवशालाबाई स्टुलावरनं हलल्या नव्हत्या, आणि हलायचं नाही हेच त्यांचं काम होतं, ते किती अवघड होतं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. माझे डोळे भरून आले. उन्हानं म्हणावं तर मी सावलीत होते.

मला कुणी असं सोडलं नव्हतं. आमच्या शाळेत तपासणी असली की गुरुजी आठवडाभर आधी आमची तालीम घ्यायचे. तपासणीचे साहेब पुढे उभे राहून प्रश्न विचारायचे आणि गुरुजी साहेबांच्या पाठीमागे उभे राहायचे. गुरुजींचा हात मिशीला गेला तर उत्तर बरोबर, कानाला गेला तर चुकलं, पुढचं सांग. मी त्यात पहिली. साहेबांना वाटायचं पोरगी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उत्तर देते. मी त्यांच्या खांद्यावरून मिशी बघत असायची. साहेबांनी एकदा माझ्या गालाला हात लावला आणि 'हिचे डोळे फार तेज आहेत' म्हणाले. तेज होतेच. त्याच डोळ्यांनी मी पुढं सगळं पार पाडलं. मला बघायला कल्याणच्या, म्हणजे आता माझ्या नवऱ्याच्या, घरचे आले तेव्हा आमच्याकडे शेजारच्यांच्या खुर्च्या, वडिलांच्या मित्राकडची सतरंजी आणि मामीच्या कपबशा होत्या. पाहुण्यापुढं आपलं घरचं मांडायचं नाही, उसनं का होईना चांगलं मांडायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्यात फसवायचा हेतू नसतो, मान द्यायचा असतो. पोह्यांचा ट्रे घेऊन जाताना मी चार तोंडं वाचली आणि कुणाला काय हवंय ते ओळखून तेवढंच बोलले. लग्नानंतर पहिली भाजी केली तेव्हा मी ती चाखली नव्हती, सासूबाईंचं तोंड बघूनच मला मीठ कळलं. अजूनही कल्याण त्याच्या बियाण्याच्या कंपनीतून घरी आला की मी आधी दाराच्या आवाजावरून अंदाज घेते आणि मग चहा ठेवते. वाईट नाही तो. कुणीच वाईट नव्हतं. पण त्या दिवशी त्या चटईवर बसून माझ्या मनात आलं की माझं पाणी सांडलं तेव्हा मी पाण्याकडे कधी बघितलंच नाही. सगळा जन्म लोकांच्या मिशा बघण्यात गेला, आणि ही पाच-सहा वर्षांची पोर, धनगराच्या घरातली, नाक शेंबडानं भरलेलं, ती माझ्यापेक्षा मोकळी होती. मला तिचा हेवा वाटला. मग भीती वाटली. एवढी नाजूक वस्तू ह्या जिल्ह्यात टिकायची कशी? निघताना दैवशालाबाई दारापर्यंत आल्या. "पुन्हा या मॅडम," म्हणाल्या, "कवाबी या. हितं रोज असंच राह्यतं."

पुन्हा जायचं होतंच. ठरलं, ही शाळा वाचवायची. त्या ठरण्यानंच घात झाला, असं आता वाटतं. कारण वाचवायची तर मूल्यमापन करायला हवं, मूल्यमापन करायचं तर भेट हवी, आणि भेट द्यायची तर आधी पत्र पाठवावं लागतं. पत्र माझ्या सहीनं गेलं. साहेब, म्हणजे मी, येणार म्हणून वस्तीत निरोप गेला, आणि साहेब येणार म्हटल्यावर आमच्या भागातली माणसं काय करतात ते मला ठाऊक असायला हवं होतं. मी त्याच मातीतली. पण तेव्हा माझ्या डोक्यात अंजू होती, चटई होती. मी वाटेनं गाडीत चक्क गुणगुणत होते.

शाळेच्या रस्त्याला पाणी मारलेलं, दारात रांगोळी, वर 'सुस्वागतम्'. शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब पांढऱ्याधोप कपड्यात पुढे आले. त्यांच्यामागे तबक घेतलेल्या बाया. मला शाल, नारळ आणि फेटासुद्धा. फेटा बांधणारा वाटूरहून आणलेला. डोक्यावर ते ओझं घेऊन मी आत पाऊल टाकलं आणि मुलं ताडकन उठली. एक साथ नमस्ते. चटया नव्हत्या. बाकं होती, ट्रॅक्टरमध्ये घालून वाटूरच्या हायस्कुलातून आणलेली, इतकी उंच की मुलांचे पाय लोंबत होते. प्रत्येकाच्या गळ्यात इलास्टिकचा लाल टाय. कोनाडे रिकामे. गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा नाही, मोजायच्या मण्यांच्या माळा नाहीत, तांबे नाहीत, मूग-मटकी नाही. स्टूलही नाही. आणि फळ्याशी दैवशालाबाई उभ्या, नव्या साडीत, हातात छडी. ती धरायची कशी ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही हातांनी आडवी धरली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.

"साहित्य कुठाय?" मी विचारलं.

काकासाहेबांनी आवाज बारीक केला. "काळजी करू नका मॅडम. सगळं रातोरात देवळाच्या खोलीत हलवलं. एक बी वस्तू तुमच्या नदरंला पडायची न्हाई."

"अहो, पण मी तेच बघायला आलेय."

ते हसले, मी त्यांचा मान राखायला तसं बोलतेय असं समजून. "मॅडम, आम्हाला का माहीत न्हाई? लेकरं त्याच्यावर बराबर शिकू राह्यली. माझा नातू घरी स्वतःचं ताट स्वतः घासून ठिवतो. पर ते घरातलं झालं. तुम्ही जिल्ह्याहून आल्या. तुमच्यापुढं लेकरांनी खाली बसून डाळ निवडायची म्हंजी गावाची काय इज्जत राह्यली? लोक म्हणतील, वरच्या वस्तीत शाळा म्हणून घरकाम शिकवू राह्यले. आन् शाळा गेली मंग? न्हाई, न्हाई. आपलं काम बिलकुल पक्कं."

त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, खरी. मला त्यांच्यावर रागावता आलं असतं तर किती बरं झालं असतं. त्यांनी मामीच्या कपबशा आणल्या होत्या, दुसरं काही केलं नव्हतं. जे बघून मी हो म्हणणार होते, नेमकं तेवढंच त्यांनी माझ्या मानासाठी लपवलं होतं. कॅमेरे निघाले. समितीतल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि मी फेट्यात, मुलांच्या रांगेपुढे.

तरी मी एक प्रयत्न केला. अंजू पहिल्याच बाकावर होती, केसांना तेल, दोन घट्ट वेण्या. मी तिच्यापुढे वाकले. फेटा घसरायला लागला तो एका हातानं धरला. "अंजू, त्या दिवशी तू पाणी ओतत होतीस ना? कसं ओततात, मला सांगशील?" मला वाटलं, हिच्याकडून एक वाक्य निघालं तरी पुरे, त्या एका वाक्यावर मी सगळा अभिप्राय उभा करीन. अंजू उठली. तिनं माझ्याकडे बघितलं. मग दैवशालाबाईंकडे बघितलं. मग काकासाहेबांकडे. काकासाहेबांनी मान हलवली, हं, म्हण. पुन्हा माझ्याकडे बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, नीट शोधत. मला ते बघणं ओळखीचं होतं. त्यात माझ्याइतकं पटाईत कोण होतं? तिला मी काय विचारलं ते कळलं होतं, पण मला काय हवं असेल ते ती ठरवत होती. आणि तिचं ठरलं. हाताची घडी घातली. "बे एके बे, बे दुणे चार." खड्या आवाजात, न चुकता, बे दाही वीसपर्यंत. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर ती खाली बसली नाही, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, बरोबर आलं का म्हणून. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? एवढ्याशा पोरीला उभं ठेवून तिचं चुकलं म्हणणार होते? ती बसली. तिचे पाय बाकाखाली लोंबत राहिले. मला तिथंच रडू आलं असतं, पण डोक्यावर फेटा असताना माणसाला रडतासुद्धा येत नाही.

हे सगळं तातेराव साहेबांना सांगायचं म्हणून मी टेबल सुकेपर्यंत थांबले. क्लार्क चहाला गेला तेव्हा खुर्ची पुढे ओढून सांगायला लागले. गाडी तापली ते, चटई, तांबे, सांडलेलं पाणी, फडकं. साहेब माणूस चांगले आहेत, ऐकून घेतात. ऐकलं. मग म्हणाले, "ही पहिली भेट तुमच्या डायरीत आहे?"

"नाही. सहज गेले होते."

"मग ती झालेली नाही. आणि समजा झाली. अभिप्रायात लिहिणार काय मॅडम? मुलगी पाणी सांडते आणि बाई बसून बघतात?"

खरंच, काय लिहिणार? माझ्याकडे सरकारी शब्द पोतंभर होते. कृतियुक्त, आनंददायी, स्वयंशिस्त, सर्वांगीण. ते मी ज्या शाळांबद्दल वापरत आले त्या शाळांत मुलं नावाला होती. आता खरी वस्तू सापडली तर तिच्यासाठी शब्दच शिल्लक नव्हता. ती डोकं तिरकं करून उजेडात चटई बघते, हे कुठल्या रकान्यात बसतं? साहेबांनी मोबाइलवर वस्तीतून आलेले फोटो काढले आणि बोटानं मोठे करून बघायला लागले. "पण फोटो तर झकास आहेत. बाकं, टाय, शिस्त. मुलगी पाढे म्हणते त्याचा व्हिडिओसुद्धा आहे. आपल्या कितीतरी शाळांत हे नाही. ह्या फोटोंवर मुदतवाढ कुणी अडवणार नाही. आता माँटेसरी दिसत नाही म्हणाल तर नाही दिसत. ते लिहा, म्हणजे बंद. तुम्ही बघितलंय, तुम्ही ठरवा."

मी बघितलंय, म्हणून तर ठरवता येत नव्हतं. खरं लिहावं तर त्या दिवशी माँटेसरीचा मागमूस नव्हता हे खरं, आणि त्या खऱ्यानं अंजू घरी बसणार होती. खोटं लिहावं तर शाळा राहणार होती, पण कुठली शाळा? व्हरांड्यात जाऊन मी दैवशालाबाईंना फोन लावला.

"म्या लई सांगितलं त्यास्नी मॅडम," त्या म्हणाल्या. "साहित्य राहू द्या, मॅडम तेच पाहायला येऊ राह्यल्या म्हणलं. ते म्हणे, बाई, तुमच्यामुळं शाळा जाईन. सगळं गाव एकीकडं आन् मी एकटी. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तालीम घेतली लेकरांची. काकासाहेब स्वतः बसायचे. चुकलं की नुसतं बघायचे, मारलं न्हाई कुणी."

"आता काय करू मी? तुम्ही सांगा. बंद म्हणू?"

मागे कुणाची तरी शेळी ओरडत होती. "बंद झाली तर मी जाईन दुसरीकडं, संस्था देईन काम. माझं काय? पर अंजूची आई उसाला जाती, ती हिला वाटूरला कशाची धाडती? धाकट्याला सांभाळाय ठिवीन." मग घाई केल्यासारख्या म्हणाल्या, "मुदतवाढ द्या मॅडम. पाच वर्षं हायेत ना. बाकं वापस जातील. मी हळूहळू एक एक वस्तू बाहेर काढीन. लेकरं इसरली नसतील. आठ दिवसांत काय इसरत्यात?"

शेवटचं वाक्य त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, "नाही विसरायची." माझ्या आवाजात मला गुरुजी ऐकू आले. एवढं आयुष्य गेल्यावर कुणाला काय ऐकायचंय ते मला फोनवरसुद्धा दिसतं.

मी मुदतवाढ लिहिली. शिस्तबद्ध वातावरण, समाधानकारक प्रगती, लोकसहभाग उत्तम, सबब पाच वर्षांसाठी शिफारस. हात कुठं अडला नाही. साहेबांनी वाचलं, म्हणाले, "शाळा वाचवलीत मॅडम." मी स्कूटी काढून घरी निघाले. स्टेशनकडच्या रस्त्याला नेहमीची गर्दी, बियाण्याच्या ऑफिसांतून सुटलेली माणसं, रिक्षा, हॉर्न. सिग्नलशी एक बाई आपल्या लेकराला कडेवर घेऊन उभी होती आणि ते लेकरू माझ्याकडे टक लावून बघत होतं. मी हसले तर ते हसलं. मी हसणं थांबवलं तर त्यानंही थांबवलं आणि ते रडवेलं झालं. मी मान फिरवली. वाटलं, ह्या गावातली सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून जगतायत आणि मुळात कुणाच्याच तोंडावर काही लिहिलेलं नाही. जो तो दुसऱ्याचं वाचून आपलं तोंड करतो. असं पहिल्यांदा कुणी सुरू केलं असेल? आणि ह्यातून एखादं पोर सुटलं होतं, सुटलं होतं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. घरी कल्याणनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. त्याला वाटलं, मला तसं हवंय.

मंजुरीचं पत्र निघालं तेव्हा मी जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात बसले होते, पुतण्याच्या लग्नासाठी आहेराच्या साड्या बघत. काकासाहेबांचा फोन आला. आवाजात इतका आनंद की दुकानदारालाही ऐकू जात असावा. "मॅडम, उपकार झाले. सगळ्या वस्तीनं पेढे वाटले. पुढल्या पाच वर्षांची चिंता मिटली." मी अभिनंदन म्हटलं. मग विचारलं, "बाकं परत गेली का वाटूरला?"

"कशाला? आम्ही घरटी पट्टी काढली आन् आपलीच नवीन घेतली. टाय बी सगळ्यांना दोन-दोन. बाईला सांगितलं, आता तुम्ही स्टुलावर बसायचं न्हाई, मॅडमला उभ्यानं शिकवलेलं आवडलं. त्या जरा गप्प गप्प राह्यत्यात आजकाल, पर शिकवत्यात चांगलं."

"आणि साहित्य?"

"ते देवळाच्या खोलीत, कुलपात. केवढं महागाचं सामान ते मॅडम, लेकरायच्या हाताला लागून खराब व्हायचं. आता शाळा पक्की झाली म्हणल्यावर जपायला पाहिजे ना. किल्ली माझ्याकडंच हाय, तुम्ही बिनघोर राहा."

दुकानदारानं पुढे टाकलेल्या साडीचा पदर माझ्या हातात होता. मी तो सोडला. म्हणायला खूप काही होतं. काढा ते बाहेर, खराब होऊ द्या, सांडू द्या, फुटू द्या. पण कागदावर मीच लिहिलं होतं ना? समाधानकारक. माझ्या सहीवर त्यांनी विश्वास ठेवला होता, मी जे चांगलं म्हटलं तेच ते जिवापाड सांभाळायला निघाले होते.

"आन् एक सांगू मॅडम," काकासाहेब म्हणाले, "तुम्ही जसं पाहून गेल्या ना, रोज बराबर तसंच चालू हाय. अंजू तर आता तीसपर्यंत पाढे म्हणू राह्यली. पाच वर्षांनी तुम्हीच या. काडीचा बी फरक दिसायचा न्हाई."

"बरं," मी म्हणाले.